बिलातली सातवी ओळ

निपाणी, ता. ९ फेब्रुवारी १९३७

तीर्थस्वरूप आक्का,

पायांवर डोकं ठेवतो. पाय मागं घेऊ नकोस, निदान पत्रात तरी. अक्षर ओळखून तू हे पत्र चुलीत घालशील, असं तुझ्या भावजयीचं, धोंडूबाईचं म्हणणं आहे. मी तिला म्हणालो, आमची आक्का आधी वाचेल आणि मग घालेल. तेव्हा तू वाचते आहेस तोवर भराभर लिहून घेतो.

दोन वर्षं झाली, तू माझ्याशी बोलत नाहीस. मधल्या काळात काय काय झालं ते कानावर आलंच असेल. बेळगाव कॅम्पातल्या दाजींच्या दुकानात धान्याबरोबर बातम्याही येतात. पण लोकांकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक. येत्या १२ मार्चला, शुक्रवारी, मी बेळगावच्या कोर्टात नादारीचा अर्ज करतो आहे. लोक दिवाळं म्हणतात, म्हणू देत. तंबाखू घेतली तेव्हा भाव चढा होता, विकायला काढली तेव्हा कुणी विचारेना, आणि मधल्या पावसाळ्यात निम्मा माल वखारीत बुरसला. सात जणांचं देणं आहे. वखार त्यांना देऊन टाकली, तरी पुरं होत नाही.

आता यावर तू डोळ्याला पदर लावशील, तर लावू नकोस. मी मजेत आहे. खोटं नाही सांगत. दुसऱ्याच्या वखारीत पारखी म्हणून लागलोय. पान हातात घ्यायचं, चुरायचं, वास घ्यायचा आणि माल कसा आहे ते सांगायचं. भाव चढो की पडो, माझा पगार तेवढाच. पाच वाजता घरी येतो. वीस वर्षांत पहिल्यांदा, जैनाला शोभेल असं, रोज सूर्य बुडायच्या आत जेवतोय. पूर्वी हंगामात व्यापारी बसून राहायचे, दिवेलागण व्हायची आणि मी उपाशी झोपायचो. सगळ्याच रात्री उपाशी झोपायचो असंही नाही, हे आता तुला सांगायला हरकत नाही. धोंडूबाईची तब्येत ठणठणीत आहे. मिरजेहून आणली तेव्हा काडी झाली होती. आता ती माझ्यावर ओरडते तर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं.

मागच्या वर्षी कोगनोळीच्या लग्नात मी तुला पाहिलं होतं. तू पाहिलं नाहीस, किंवा पाहून पाहिलं नाहीस. बायकांच्या पंगतीत तू पुरणपोळी बाजूला सारलीस. नंतर कळलं की तू गूळच सोडला आहेस. लहानपणी डब्यातला गूळ चोरून चिकट बोटं माझ्या हाताला पुसणारी तू! आक्का, राग माझ्यावर आहे ना, मग गुळानं काय घोडं मारलंय?

आता काम. सोबत एक कागद आहे. त्यावर पेन्सिलनं फुली केली आहे तिथं एक आण्याचं तिकीट लावून सही कर आणि सर्व्हिस मोटारीच्या यल्लाप्पाकडं परत दे. कागद इंग्रजीत आहे, तुला वाचता यायचा नाही, तेव्हा वाचायचा त्रास घेऊ नकोस. तुझ्या भल्याचाच आहे.

तुझा धाकटा भाऊ,
जिनपाल

निपाणी, ता. १७ फेब्रुवारी १९३७

आक्का,

कागद परत मिळाला. सही नाही, तिकीट नाही, पेन्सिलची फुलीसुद्धा तू खोडून पाठवलीस. यल्लाप्पानं तुझा निरोप शब्दाला शब्द सांगितला. मोटार थांबवून, उतारूंना बसवून ठेवून सांगितला.

"आक्का म्हणाल्या, 'न वाचता सही करायला मी त्याचं गिऱ्हाईक न्हाय म्हणावं. काय हाय ते सरळ लिव्ह, न्हायतर लिवू नको.'"

"आणि काय म्हणाली?"

"आनि मला तांब्याभर ताक दिलं. लई चांगलं ताक हुतं, अण्णा."

मला निदान हे बरं वाटलं की माझा निरोप घेऊन येणाऱ्याला तू ताक देतेस. तेव्हा सरळ लिहितो.

गेल्या महिन्यात परशराम वकील चिकोडीला जाता जाता आमच्याकडं उतरले. ते उचगावचे, शेतकऱ्याच्या घरातले. बेळगावात वकिली करतात, पण बोलणं अजून बांधावरचंच आहे. ओसरीवर बसून त्यांनी माझी सगळी मालमत्ता लिहून घेतली. भांडी, अंथरुणं, धोंडूबाईचं पाणी गाळायचं फडकंसुद्धा विचारून झालं. मग म्हणाले, "कुणाकडनं काय येणं हाय का?"

मी म्हणालो, "न्हाय."

आतून धोंडूबाई म्हणाली, "विम्याचं सांगा की!"

आक्का, तुला आठवत असेल, भरमा एजंटाकडून मी आजारपणाचा विमा घेतला होता. सायकलवरून यायचा तो. दवाखान्याचं बिल पाठवलं की कंपनी ते पैसे परत देते, असा तो विमा. धोंडूबाईच्या पोटाचं ऑपरेशन मिरजेच्या दवाखान्यात झालं तेव्हा इथं माझा हंगाम चालू होता. तू बेळगावहून आलीस, सहा आठवडे तिच्या उशाशी बसलीस, आणि शेवटी बिल भरायला माझ्याकडं पैसे नाहीत हे बघून मिरजेच्याच सराफाकडं तुझ्या पाटल्या मोडल्यास. विम्याचे पैसे आले की आधी तुझ्या पाटल्या करू, असं मी म्हणालो होतो. नंतर तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं की कंपनीनं पैसे नाकारले. तू म्हणालीस, बिल दाखव, कंपनीचं पत्र दाखव. मी दाखवलं नाही. तू उठून गेलीस आणि तिथून हा अबोला.

कंपनीनं नाकारलं नव्हतं. मी मूळ बिल पाठवायच्या ऐवजी त्याची नक्कल करून पाठवली होती आणि नकलेत बेरीज चुकली. कंपनीनं एवढंच लिहिलं की बेरीज जुळत नाही, मूळ बिल पाठवा. ते मी आजवर पाठवलेलं नाही.

हे ऐकून परशराम वकिलांनी मूळ बिल मागितलं. ते मी ट्रंकेच्या तळाशी, कागदाखाली ठेवलं होतं. त्यांनी ते उलटं केलं आणि मागची पावती वाचली. पैसे भरणाराचं नाव: पद्मावती. खिडकीशी तू उभी होतीस, तुझंच नाव पडलं.

"अवो जिनपाल," ते म्हणाले, "ह्ये पैसं तुमचं न्हाईतच. तुम्ही हातात घेऊन बहिणीला दिलं, तर सातजण म्हणतील की अर्जाच्या तोंडावर घरच्या माणसाला दिलं, आनि कोर्ट ते माघारी मागंल. पन पावती त्यांच्या नावाची हाय. कंपनीनं थेट त्यास्नी द्यावं. त्यांची सही आनि मूळ बिल, दोन्ही बारा तारखेच्या आत कंपनीला जाऊ द्या. न्हाय गेलं तर मला ते तुमचं येणं म्हणून यादीत लिवावं लागंल, आनि मग सगळ्यांच्यात वाटून जाईल."

तर हे असं आहे. तुझी सही आली तर तुझ्या पाटल्या परत होतील. नाही आली तर त्यांचे सात तुकडे होतील आणि तुझ्या वाट्याला पाटलीचा आकडासुद्धा येणार नाही. बाकीचं सगळं गेलं त्याचं मला काही वाटत नाही, खरंच वाटत नाही. पण तुझे मोकळे हात मला कोगनोळीच्या पंगतीत दिसले होते. ते मात्र डोळ्यांपुढून जात नाहीत.

कागद पुन्हा पाठवतो आहे. बेरजेच्या चुकीची माफी कर.

जिनपाल

निपाणी, ता. २६ फेब्रुवारी १९३७

आक्का,

तुझं कार्ड आलं. पोस्टमननं वाचलेलं दिसलं, कारण देताना हसत होता. "बेरीज चुकायला तू काय बिगारीत आहेस? खरं लिही." एवढंच. सही नाहीच.

बरं. लिहितो. हे पत्र मी वखारीत बसून लिहितो आहे, घरी नाही. धोंडूबाईला यातलं काही माहीत नाही. पत्र वाचून झाल्यावर मात्र खरंच चुलीत घाल.

बिल मिरजेहून आलं ते इंग्रजीत. कंपनीला पाठवण्याआधी आपण कशाकशाचे पैसे मागतोय ते कळावं म्हणून मी ते हायस्कुलातल्या मास्तरांकडं नेलं. मास्तर ओळीओळीनं वाचून सांगू लागले. ऑपरेशन, खोली, पट्ट्या, भुलीचं औषध. सातव्या ओळीवर थांबले. कॉड लिव्हर ऑइल, बारा बाटल्या. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, शक्तीचं तेल, अशक्त माणसाला देतात. मी म्हणालो, तेल कशाचं? तीळ की करडई? मास्तर माझ्या तोंडाकडं बघत राहिले. म्हणाले, "कॉड म्हणजे समुद्रातला मासा. त्याच्या काळजाचं तेल."

आक्का, मासा! आपल्या घरात कंदमूळ येत नाही. धोंडूबाई पाणी दोनदा गाळते आणि गाळलेलं फडकं ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत धुते, का तर त्यातला जीव आपल्या घरी परत जावा. चातुर्मासात पालेभाजी निवडताना एक अळी दिसली तर अख्खी जुडी सोडून देते. आणि ती बारा बाटल्या मासा प्याली! आणि तू, जी दर अष्टमीला उपास करतेस, तू त्याच खोलीत सहा आठवडे बसली होतीस. तुम्हां दोघींना हे कळलं तर काय होईल!

मास्तरांना मी देवाची शपथ घातली. मग त्यांच्याकडूनच बिलाची नक्कल करून घेतली, सातवी ओळ सोडून. आणि घाईत खालची बेरीज तशीच राहिली. अठरा रुपये चार आणे जास्तीचे. कंपनीच्या लोकांनी ते पहिल्या झटक्यात पकडलं. मूळ बिल पाठवावं तर ती ओळ भरमा एजंट वाचणार, तो निपाणीभर सांगणार आणि बस्तीच्या देवळात देवासमोर बसलेल्या धोंडूबाईच्या कानात ते जाणार. म्हणून पाठवलं नाही. म्हणून तुला दाखवलं नाही. पैसे खाल्ले, असं तुला वाटलं. मी वाटू दिलं. तू मला चोर समजलेलं मला परवडत होतं.

परवडत होतं असं मला वाटत होतं. पण दोन महिन्यांपूर्वी वकिलांकडं आलो होतो, तेव्हा टांगा तुझ्या दारावरून गेला. दार उघडं होतं. तू ओट्यावर ज्वारी पाखडत होतीस. मी मान खाली घातली आणि टांगेवाल्याला म्हणालो, जरा हाक जोरात. त्या दिवसापासून मनाला सुख नाही. बाकीचं सगळं सुखाचं आहे, एवढं एक सोडून.

आता सगळं खरं लिहिलं. मूळ बिलच सोबत जोडतो आहे, सातव्या ओळीसकट. धोंडूबाईला कसं सांगायचं ते मला कळत नाही. न सांगता झालं तर बरं. तू मोठी आहेस, तू सांगशील तसं करीन. पण सही कर. पाटल्या तुझ्या आहेत.

जिनपाल

निपाणी, ता. ९ मार्च १९३७

लाडके आक्का,

सही मिळाली. तिकिटावर आडवी, ठसठशीत, कागद फाटेल इतकी दाबून केलेली. त्याच दिवशी बिल आणि कागद दोन्ही रजिस्टर पोस्टानं कंपनीला पाठवून पावती वकिलांना दिली. भरमा एजंट परवा घरी येऊन सांगून गेला की महिन्याभरात पैसे तुझ्या नावानं निघतील. सातवी ओळ त्यानं कंपनीच्या ऑफिसात वाचली होती, आणि मला म्हणाला, "ह्ये तेल आमच्या पोराला बी देत्यात, लई वंगाळ वास." एवढंच. दोन वर्षं मी ज्याला भीत होतो तो एवढंच म्हणाला.

पण तुझं पत्र! ते मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वखारीतल्या पोत्यावर बसून हसलो, आणि हसता हसता असा रडलो की मुनीम पाणी घेऊन आला.

तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नर्सनं तुला स्पष्ट सांगितलं होतं की हा मासा आहे, आणि हे पोटात गेलं नाही तर बाई उठायची नाही. तू लिहितेस, "तुला सांगितलं असतं तर तू तिला विचारलं असतंस. ती मेली असती, पण प्याली नसती. म्हणून मी कुणालाच विचारलं नाही. पाप लागायचं ते माझ्या एकटीला लागू दे म्हटलं." आणि गूळ! गूळ तू माझ्यावरच्या रागानं सोडलाच नव्हतास. मिरजेत पहिला चमचा तिच्या तोंडात घातलास त्याच संध्याकाळी सोडलास, प्रायश्चित्त म्हणून. धोंडूबाईला सगळं कळेल आणि तरीही ती तुझ्याशी बोलेल, त्या दिवशीच गूळ तोंडात घालायचा असा नेम. तिला सांगायची हिंमत तुलाही झाली नाही. मी बिल लपवत होतो, तू चमचा लपवत होतीस, आणि दोघं एकमेकांवर रुसून बसलो होतो. दोघांना एकाच आईनं वाढवलं याला दुसरा पुरावा नको.

शेवटी तू लिहिलंस, "तू सांग, न्हायतर मी मोटारीत बसून येते आणि सांगते." म्हणून परवा दुपारी सांगितलं.

ती परसात तांदूळ निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. बिल, मास्तर, बेरीज, तू, चमचा, गूळ. ती सूप खाली ठेवून ऐकत राहिली. मग म्हणाली, "आक्कांना म्हाईत हुतं?"

"व्हय."

"आनि तरी स्वताच्या हातानं दिलं?"

"व्हय."

तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मला वाटलं, आता ही उठून आत जाईल आणि दार लावून घेईल. पण ती म्हणाली, "रोज सूर्य बुडायच्या आत देत हुत्या वो. एक दिवस नर्स उशिरा आली तर तिच्याशी केवढ्या भांडल्या! मला वाटलं, औषधाला कसली आलीया दिवस-रात. आत्ता कळलं."

आक्का, मासा पाजायचा, पण रात्री पाजायचा नाही! हे फक्त तुलाच सुचू शकतं. मी हसायला लागलो तर धोंडूबाईनं मला गप्प केलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, "बारा बाटल्या म्हंजी किती मुके जीव गेले असतील. त्यांच्या जिवावर मी हितं बसून तांदूळ निवडतीया." मग आंघोळ केली, बस्तीत गेली. उपाध्यांना सगळं सांगितलं. त्यांनी अकरा दिवस जप सांगितला आणि म्हणाले, नकळत झालेल्याचा फार घोर करू नका. ती म्हणाली, "माझ्या वाट्याचं नकळत हुतं. आक्कांनी कळून केलं, माझ्यासाठी. त्यांचा बी जप मीच करते." आणि अकराच्या जागी बावीस दिवस धरून आली.

येताना बाजारातून गुळाची ढेप घेऊन आली. आमच्यासारख्या नादार माणसानं आख्खी ढेप आणावी का, असं मी म्हणालो, तर माझ्याकडं अशी पाहिली की मी विषय बदलला. वकिलांना विचारलं की ही ढेप यादीत घालायची का. ते म्हणाले, "खाऊन टाका बिगीबिगी."

तर शुक्रवारी सकाळी यल्लाप्पाच्या पहिल्या मोटारीनं दोघंही येतोय. कोर्ट अकराला आहे. आधी तुझ्याकडं. टांगा या वेळी तुझ्या दारातच थांबवतो. माझ्या अंगावर असतील ते कपडे आणि धोंडूबाईच्या पिशवीतला गूळ, एवढंच घेऊन येतोय. बाकीचं सगळं यादीत गेलं, आणि यादी मोठी नव्हती.

धोंडूबाई काय म्हणते ते तिच्याच शब्दांत लिहितो. "मी न्हाय न्हाय म्हणत हुते तरी आक्कांनी माझं तोंड धरून चमचा आत घातला. आता त्या न्हाय म्हणू देत, मी बी तसाच घालणार." तिनं डब्यातला चमचासुद्धा काढून ठेवलाय. गुळाला चमचा कशाला लागतो, असं मी विचारलं नाही.

तेव्हा शुक्रवारी दार उघडं ठेव, आक्का. ती आत आली की तोंडही उघड.

जिनपाल